जोखमीची गर्भिणी आणि आपला विद्यार्थी

गर्भिणीच्या पायांवर सूज दिसली की पुनर्नवा आठवावी, हे आमच्या पिढीला शिकविले गेले. त्यात गैर काही नाही. गैर एवढेच की, सूज दिसताक्षणी रक्तदाब मोजावा, ही गोष्ट तितक्याच ठामपणे आमच्या अंगवळणी पाडली गेली नाही. या उणिवेची किंमत आमच्या तालुक्यातील एका घराने मोजलेली आहे. आणि म्हणूनच हा काहीसा अप्रिय विषय त्रैमासिकाच्या पानांवर मांडण्याचे आम्ही ठरविले आहे.

घटना काही वर्षांपूर्वीची. लोणारजवळच्या एका खेड्यात माहेरी आलेली पहिलटकरीण आठव्या महिन्यात आमच्यापैकी एकाच्या दवाखान्यात आली. पाय सुजलेले, दोन दिवसांपासून डोके ठणकत असलेले आणि पोटाच्या वरच्या भागात जळजळ. त्या दिवशी मुख्य वैद्य परगावी होते व नुकतीच पदवी घेतलेला एक तरुण रुग्ण तपासत होता. त्याने अग्नी विचारला, मलप्रवृत्ती विचारली, जिव्हा पाहिली, नाडी पाहिली. शोथासाठी एक आणि अम्लपित्तासाठी एक अशी दोन औषधे दिली व आठ दिवसांनी येण्यास सांगितले. रक्तदाबमापक यंत्र त्याच टेबलावर होते. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या मुलीला झटके सुरू झाले. प्रथम मेहकर, तेथून पुढे मोठ्या रुग्णालयात, असा प्रवास झाला. मुलगी वाचली, बाळ वाचले नाही.

तो तरुण बुद्धिमान होता. प्रसूतितंत्रात त्याला उत्तम गुण होते. गर्भिणीच्या उपद्रवांवर त्याने परीक्षेत सहा पाने लिहिली असतील. पण रक्तदाब वाढलेली, डोळ्यांपुढे अंधारी येणारी, मूत्रात प्रथिने जाणारी गर्भिणी त्याने आयुष्यात एकदाही प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. आम्ही त्याला त्या वेळी फार बोललो. आज वाटते, ते बोलणे चुकीच्या पत्त्यावर गेले.

या व्याधीचा फसवेपणा आपल्यालाच अधिक नडतो, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आणि सोबत मूत्रात प्रथिने, ही त्याची पुस्तकी ओळख. पण रुग्णा काही आकडा घेऊन येत नाही. ती तक्रार घेऊन येते. डोकेदुखी सांगितली की आपल्याला पित्तज शिरःशूल दिसतो. वरच्या पोटातील वेदना सांगितली की अम्लपित्त दिसते. प्रत्यक्षात ती यकृतावरील ताणाची खूण असू शकते. सूज सांगितली की शोथ. तीन निरनिराळ्या वैद्यांकडे ही स्त्री गेली तर तिला तीन व्याधींची तीन औषधे मिळतील, तिन्ही शास्त्राला धरून असतील, आणि तिला घेरू पाहणारा एकच धोका मात्र तिघांच्याही नजरेतून सुटेल. बाहूला पट्टा गुंडाळून यंत्र लावण्यास दोन मिनिटे लागतात.

आता कोणी म्हणेल, गर्भिणी हल्ली वैद्यांकडे येतातच कुठे? शासकीय रुग्णालये आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी आहे. हे सारे खरे आहे. २०१६ साली सुरू झालेल्या त्या अभियानाने जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावण्याची पद्धत रूढ केली आणि तिचा उपयोग आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. महाराष्ट्राचे माता-मृत्यूचे प्रमाण २००१-०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ होते. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० मध्ये ते ३३ वर आले. त्याच काळात देशाचे प्रमाण ३०१ वरून ९७ वर उतरले. या यशात गावोगावच्या परिचारिकांचा आणि आशांचा वाटा फार मोठा आहे. पण जे उरले आहे ते सोपे नाही. सरळ प्रसूतीतील मृत्यू टाळणे तुलनेने सुकर असते; उरतात त्या लपलेल्या जोखमीच्या, उशिरा सापडलेल्या, एका गावातून दुसऱ्या गावी गेलेल्या माता.

या शेवटच्या गोष्टीचा विचार आमच्या भागात विशेष करावा लागतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. तिची नोंदणी सासरच्या गावी, तपासण्या तिकडच्या, तिचा आधीचा रक्तदाब व हिमोग्लोबिन ठाऊक असलेली परिचारिकाही तिकडचीच. माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत आले तर आले, नाही तर ते सासरच्या फळीवरच राहते. लोणार हे विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरचे गाव. उत्तरेस मेहकर, पूर्वेस वाशिम जिल्ह्यातील रिसोड, दक्षिणेकडे जालना जिल्ह्यातील मंठा. सोयरिकी या तिन्ही बाजूंना पसरलेल्या. म्हणजे मुलगी केवळ गाव बदलत नाही, कित्येकदा जिल्हाही बदलते. त्यात ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर गाव सोडून उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणारी कुटुंबे मिळवा. अशी स्त्री परतल्यावर पाठदुखी, अशक्तपणा वा अन्नद्वेष यांसाठी प्रथम कोणाकडे जाते? जवळच्या, ओळखीच्या, उधारीवर औषध देणाऱ्या वैद्याकडे. नाही तर औषधांच्या दुकानात. तिच्या शासकीय प्रवासातील तुटलेला दुवा नेमका आपल्या उंबरठ्यावर येऊन पडतो, आणि तो उचलण्याचे शिक्षण आपल्या विद्यार्थ्याला मिळत नाही.

शिवाय आपला पदवीधर आज केवळ खाजगी दवाखान्यात बसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी आहेत. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालेल्यांत त्यांचा भरणा मोठा आहे. २०१४ साली राज्यात सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिकेत रात्री-अपरात्री झटके येणाऱ्या मातेशेजारी बसतो तोही पुष्कळदा आपलाच विद्यार्थी असतो. ज्याला शासनाने गर्भिणीच्या उशाशी बसविले, त्याने प्रसूतिकक्षात किती रात्री काढल्या आहेत, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. परिचारिकांना कुशल प्रसूती-सेवेचे जे शासकीय प्रशिक्षण दिले जाते ते २१ दिवसांचे असते. साडेचार वर्षे शिकून वर वर्षभर आंतरवासिता केलेला आमचा तरुण त्या २१ दिवसांतून बाहेर पडलेल्या परिचारिकेसमोर गडबडतो, हे आम्ही पाहिले आहे. लिहिताना संकोच वाटतो, पण पाहिले आहे.

याचे कारण अभ्यासक्रमात नाही. प्रसूतितंत्र व स्त्रीरोग हा विषय अभ्यासक्रमात आहे, त्यात आधुनिक भागही आहे. कारण असे की, विषय पुस्तकात आहे आणि रुग्णा दुसरीकडे आहे. अनेक आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत प्रसूतींची संख्या तुटपुंजी असते. ज्या होतात त्याही साध्या. जोखीम दिसली की तेथूनही रुग्णा शासकीय रुग्णालयात पाठविली जाते, आणि ते योग्यच आहे. पण रुग्णा गेली तरी विद्यार्थी तिच्याबरोबर जात नाही. आंतरवासितेत प्रसूतिविभागाच्या वाट्याला जेमतेम महिना येतो. त्यातील रात्रपाळ्या किती, प्रत्यक्ष हाताने तपासलेली उदरे किती, स्वतः भरलेले प्रसूती-आलेख किती, याची प्रामाणिक नोंद कोणत्या वहीत सापडेल? सही-शिक्क्यांच्या वह्या सापडतील.

सुश्रुताचार्यांनी ही अडचण ओळखली होती. सूत्रस्थानात त्यांनी योग्येसाठी स्वतंत्र अध्याय दिला. कोहळा, दुधीभोपळा, कातड्याच्या पिशव्या, कमळाचे देठ यांवर हात बसविल्याशिवाय, शास्त्र कितीही पाठ असले तरी, शिष्य कर्माला योग्य होत नाही, अशी त्यांची धारणा होती. आज ज्यास कौशल्य प्रयोगशाळा म्हणतात व जेथे प्लास्टिकच्या पुतळ्यावर अडलेला खांदा सोडविणे, रक्तस्राव थांबविणे यांचा सराव करतात, ती योग्याच आहे. आपण योग्यासूत्रीय अध्यायावर परिसंवाद घेतो, शोधनिबंध वाचतो, आणि आपल्या महाविद्यालयातील पुतळा मात्र तपासणी-पथक येण्याच्या आदल्या दिवशी कपाटातून निघतो.

त्याच आचार्यांची दुसरी एक शिकवण आम्हांस याहून मोलाची वाटते. मूढगर्भाचे निदान सांगताना त्यांनी कील, प्रतिखुर, बीजक, परिघ हे प्रकार दिले; पण तेथेच थांबले नाहीत. आक्षेपक, श्वास, भ्रम, मक्कल्ल इत्यादी लक्षणांनी पीडित अशी मूढगर्भा स्त्री चिकित्सेसाठी घेऊ नये, असेही सांगितले. चिकित्सास्थानात शल्यकर्माकडे वळण्यापूर्वी अधिपतीची अनुज्ञा घेण्यास सांगितले. याचा अर्थ आपली मर्यादा ओळखणे हा त्यांच्या मते शास्त्राचा भाग होता, शास्त्राचा पराभव नव्हे. त्या काळी ती स्त्री सोडून देण्यावाचून उपाय नव्हता. आज उपाय आहे. तो काही किलोमीटरवर आहे. तेव्हा सुश्रुतांचा ‘परिहार’ आजच्या भाषेत वेळेवर, पत्र देऊन, दूरध्वनी करून पाठविणे असाच वाचावा लागेल.

आमचे म्हणणे एवढेच आहे. जोखमीची प्रसूती आपल्या पदवीधराने करावी, असा आग्रह आम्ही मुळीच धरीत नाही. ती ओळखणे, तिला वाटेत धोका होणार नाही इतपत स्थिर करणे आणि योग्य ठिकाणी पोहोचविणे, या तीन कामांत तो निष्णात असावा. आणि हे निष्णात होणे प्रत्यक्ष जोखमीच्या मातांच्या सहवासातच होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रक्रियांचे शिक्षण देण्याविषयीची अधिसूचना निघाली तेव्हा केवढे वादळ उठले, हे वाचकांस स्मरत असेल. आपल्या संघटनांनी हक्काची बाजू हिरिरीने मांडली, आणि ते आवश्यकच होते. परंतु त्या साऱ्या गदारोळात, आमच्या विद्यार्थ्याला अमुक इतके रुग्ण हाताखालून घालू द्या, अशी मागणी करणारे एकही निवेदन आमच्या पाहण्यात आले नाही. अधिकार मागताना आपला आवाज चढतो. तासांची व रात्रपाळ्यांची मागणी करताना तो कुठे जातो?

ही मागणी करण्यास आज अनुकूल काळ आहे. बुलढाणा, जालना, वाशिम आणि हिंगोली या चारही ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रारंभ ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. लोणारकरांच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या चहूबाजूंना शिक्षण देणारी रुग्णालये उभी राहत आहेत. जिल्ह्यातील जोखमीच्या माता अखेर तेथेच एकत्र येणार. त्यांच्या प्रसूतिकक्षात आयुर्वेदाच्या आंतरवासितांसाठी निश्चित जागा असाव्यात, यासाठी विद्यापीठ, आयुष संचालनालय आणि वैद्यकीय शिक्षण विभाग यांच्याकडे आपल्या संघटनेने एकत्रित प्रस्ताव द्यावा. दोन्ही शाखांचे विद्यार्थी नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आहेत, मग एकाच खाटेशेजारी उभे राहण्यास अडचण काय? सलग तीस दिवस, त्यांत निदान दहा रात्री. शंभर गर्भिणींचा रक्तदाब स्वतः मोजलेला, पन्नास उदरांवरून गर्भाची स्थिती ठरविलेली, दहा प्रसूती-आलेख भरलेले. हे आकडे आम्ही सुचविलेले आहेत, त्यांवर मतभेद होऊ शकतो. पण आकडा असावा, आणि ती वही मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकासमोर उघडली जावी.

तोवर काय करावे? महिन्याच्या ९ तारखेचे शिबिर हा आपल्या दाराशी आलेला वर्ग आहे. पदवीनंतर आमच्याकडे अनुभवासाठी येणाऱ्या तरुणांना आम्ही त्या दिवशी दवाखान्यात बसू देत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी काढून ग्रामीण रुग्णालयात पाठवितो. तेथे एका सकाळी ते जेवढे पाहतात, तेवढे आमच्याकडे तीन महिन्यांत दिसत नाही. पूर्वीची सिझेरियनची खूण, जुळे, उंचीने फार ठेंगणी पहिलटकरीण, हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलेला पांडु. या शेवटच्या बाबतीत आपल्या मंडळींना थोडे सावध करावेसे वाटते. नवायस, धात्रीलोह, पुनर्नवा मंडूर यांच्यावर आमची श्रद्धा आहे. चौथ्या महिन्यात सापडलेल्या सौम्य पांडुरोगात, शासकीय लोहगोळी चालू ठेवून, आहार-पाचनाचा विचार आपण करू शकतो. पण नवव्या महिन्यात ६ वर आलेले हिमोग्लोबिन मुखावाटे दिलेल्या कोणत्याही लोहकल्पाने प्रसूतीच्या आत भरून येत नाही. तिला रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयाची गरज आहे, आणि ती त्याच दिवशी.

औषधालयांचे चालक या त्रैमासिकाचे वाचक आहेत, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द. पाळी चुकली म्हणून रजःप्रवर्तिनी मागणाऱ्या स्त्रीला ती पुडी हातावर ठेवण्यापूर्वी गर्भधारणेची चाचणी झाली का, हा प्रश्न विचारणे कठीण नाही. त्या गोळीत एलुवा, कासीस, हिंग, टंकण आहे. पोटात दुखत असेल तर गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याचीही शक्यता असते, आणि मग उशीर जिवावर बेततो. आठव्या महिन्यातील कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक देऊ नये. लोह आणि कॅल्शियम या दोन्ही गोळ्या गर्भिणी एकदम घेते. त्या वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात, हे दुकानदाराने सांगितले तर घरची सासूही ऐकते, असा आमचा अनुभव आहे. आणि रसकल्पांविषयी तर फारच जपावे. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतातील आयुर्वेदिक गोळ्या घेणाऱ्या ६ गर्भिणींच्या रक्तात शिशाचे वाढलेले प्रमाण आढळले आणि त्याचा वृत्तान्त अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केला. त्यावर आपल्याकडे संतापाचे लेख आले. गोळ्या कोणी बनविल्या, कोणी विकल्या, गर्भिणीला कोणी दिल्या, याची विचारपूस करणारे लेख कमी आले.

आमच्या या विचारांवर ज्येष्ठ वैद्यांचा एक आक्षेप आहे. ते म्हणतात, अशाने आपले विद्यार्थी परिचारिका होतील आणि मासानुमासिक परिचर्या, जी आपली खरी ठेव, ती विसरतील. आक्षेपामागील कळकळ आम्ही जाणतो. पण चरकाचार्यांनी गर्भिणीची तुलना तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राशी केली, ती कशासाठी? पात्र हिंदकळू लागले आहे हे ज्याला कळते, तोच ते सावरू शकतो. रक्तदाबाचा आकडा हा हिंदकळण्याचा पहिला संकेत आहे आणि संकेताला पॅथी नसते. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेताना प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहितात, हे आपण अभिमानाने सांगतो. कोवळ्या वयात स्वतःचे दहा दिवसांचे बाळ गमावलेली ती मुलगी प्राचीन ग्रंथ आणि आधुनिक प्रसूतिकक्ष एकाच वेळी शिकत होती. तिला त्यात विरोध दिसला नाही.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. चहा पिताना बोलतात. पाठविलेली रुग्णा परत येत नाही. खरे आहे. मोठ्या रुग्णालयातून आपल्या पत्राला उत्तर येत नाही, पुष्कळदा पत्र उघडूनही पाहिले जात नाही, आणि ‘आधी कोणाकडे गेला होता?’ हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो तो सूर नातेवाईक गावात येऊन जसाच्या तसा ऐकवितात. ही सल आमचीही आहे. परंतु याला आपणही काही अंशी कारण आहोत. ‘पुढील उपचारार्थ’ एवढे दोन शब्द चिठ्ठीवर लिहून पाठविणाऱ्याचा मान कोण ठेवणार? गर्भ किती आठवड्यांचा, रक्तदाब किती व कोणत्या वेळी, मूत्रात प्रथिने आहेत की नाहीत, कोणती औषधे दिली, आपण दिलेली आयुर्वेदिक औषधेही, झटके आले का, बाळाची हालचाल कधीपासून कमी, हे सारे अर्ध्या पानावर मावते. असे पत्र घेऊन गेलेल्या रुग्णेविषयी आम्हांस एकदा रात्री अकरा वाजता तेथील निवासी डॉक्टरांनी स्वतः दूरध्वनी केला होता. तेव्हापासून आमची चिठ्ठी लांबली.

आणि रुग्णा परत येतेच, जर सूतिकावस्थेत आपण तिची विचारपूस केली तर. ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात घरी प्रसूत होणाऱ्या ७७२ स्त्रियांची पाहणी केली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक स्त्रियांना काही ना काही विकार आढळला, आणि त्यांतील मोठा भाग प्रसूतीनंतरच्या दिवसांतील होता. आज प्रसूती रुग्णालयात होते, पण ते दिवस घरीच जातात. रक्तदाब वाढलेल्या मातेला झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? सूतिका-परिचर्येसाठी अभ्यंगाची वाटी घेऊन जाणाऱ्याने सोबत रक्तदाबमापकही न्यावे.

लोणारमधील आम्ही काही जणांनी गेल्या वर्षापासून दवाखान्यात एक साधी वही ठेवली आहे. दारात आलेल्या प्रत्येक गर्भिणीची, मग ती सर्दीसाठी का आली असेना, पाच रकान्यांत नोंद होते: आठवडे, रक्तदाब, पांडुत्व, कार्ड सोबत आहे की नाही, पाठविले असल्यास कोठे. चौथा रकाना आम्हांस वाटले होते त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा रिकामा राहतो. आरंभी उल्लेख केलेला तो तरुण आता शेजारच्या तालुक्यात स्वतःचा दवाखाना चालवितो. वहीची कल्पना त्याची आहे.